फोन ठेवल्यानंतरचं ॲब्सोल्युटली

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्यासाठी जे भांडले ते वाचून कुणी आम्हाला सख्ख्या बहिणी समजू नये. एका ओट्यावर दोन बायका, एकाच दोरीवर दोन संसारांचे कपडे आणि एकाच सासूबाईंची आम्हा दोघींबद्दल दोन मतं. जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात, आमचा आडवाही होता. ती गोड बोलते, मी तिखट. ती कुणालाच नाही म्हणत नाही आणि तिने हो म्हटलेलं निम्मं काम माझ्या गळ्यात पडतं. पण तिला नोकरीवरून काढून वर पोलिसांत द्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी पदर खोचला.

आम्ही दोघी एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर नोकरी करायचो. लिफ्टच्या कंपनीचं तक्रार केंद्र. लिफ्ट अडकली, दार उघडेना, वर जायच्या ऐवजी खाली गेली, की लोक आमचा नंबर लावतात. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि पाठीमागे भिंतीवर मोठा बोर्ड. त्या बोर्डावर प्रत्येक खुर्चीसाठी एक दिवा, हिरवा नाहीतर लाल. आता हा दिवा कशावर ठरायचा? लिफ्ट दुरुस्त झाली का, यावर? छे! आतला माणूस सुटला का, यावर? तेही नाही. आम्ही फोनवर 'ॲब्सोल्युटली' म्हटलं की नाही, यावर.

हसू नका. मी आधी हसले होते आणि त्याबद्दल मला तोंडी समज मिळाली होती.

हा शब्द आणला टायवाल्यांनी. हे मुख्य ऑफिसातले साहेब. कितीही उकडलं तरी गळ्यातला टाय सैल करायचे नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणायचो. त्यांनी आम्हाला पूर्ण दिवस बसवून त्या एका शब्दाचं शिक्षण दिलं. एका शब्दाला एक दिवस! माझं लग्न त्याहून कमी वेळात लागलं होतं.

"गिऱ्हाईक घाबरलेलं असतं," टायवाले म्हणाले. "त्याला माहिती नको असते, जोर हवा असतो. 'मेकॅनिक येईल' हे नुसतं वाक्य झालं. आता ऐका, 'मेकॅनिक ॲब्सोल्युटली येईल.' कसं वाटलं?"

"येईल की नाही अशी शंका आली," मी म्हणाले.

खोलीत खसखस पिकली. आमच्या आताच्या मॅडम, म्हणजे पुढे त्या खोलीच्या प्रमुख झाल्या त्या, त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. टायवाले मात्र चिडले नाहीत, त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि त्याचे उपयोग समजावले. वाक्याच्या मध्ये घातला की वाक्याला वजन येतं. सुरुवातीला घातला की आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटतं. एकटाच म्हटला की 'हो, हो, शंभर वेळा हो'. आणि त्याच्यापुढे 'नॉट' लावलं की 'मुळीच नाही'. पण आपल्याकडे नॉट लावायला बंदी आहे, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं.

"आणि खरंच नाही म्हणायची वेळ आली तर?" मी विचारलं.

"ती वेळ येत नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसला आणि मला तो सगळीकडे ऐकू यायला लागला. मुलाला विचारलं, दात घासलेस का? ॲब्सोल्युटली. ब्रश कोरडा ठणठणीत. नवऱ्याला विचारलं, मी बोलतेय ते ऐकताय ना? ॲब्सोल्युटली, मोबाइलमधून मान वर न करता. घरमालक म्हणाले, गळका नळ याच आठवड्यात ॲब्सोल्युटली बदलतो. तो नळ अजून आमच्याशी रात्रंदिवस बोलतोय. आणि आपल्याकडे तरी जोराच्या शब्दांची काय वाण होती? नक्की आहे, अगदी आहे, मुळीच आहे, ते इवलंसं 'च' आहे. पण 'आलोच' म्हणणारा माणूस अजून घरात चपला शोधत असतो, हे कुणाला माहीत नाही? काम जितकं लुळं, तितका शब्द दणकट लागतो. या साहेबी शब्दाचं तर स्वतःचं पोटच रिकामं. शेजारी जे असेल ते तो फुगवतो. आणि एकटा उभा केला, तर त्याच्यासमोर शेवटी जे बोललं गेलं असेल, त्याला तो खुशाल हो म्हणून टाकतो.

आता खरी अडचण. अडकलेल्या माणसाला तो शब्द सहन होत नसे. बंद पेटीत घामाघूम झालेला माणूस विचारणार, "मेकॅनिक किती वेळात येतोय?" मला स्क्रीनवर दिसतंय की मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या लिफ्टमध्ये डोकं घालून बसलाय. मी म्हणायची, "तासभर तरी लागेल. तुम्ही खाली बसून घ्या, दाराला हात लावू नका." माणूस चिडायचा, पण बसायचा. त्याच माणसाला "ॲब्सोल्युटली येईल" म्हटलं की तो दर पाच मिनिटांनी फोन करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण शब्द नाही घातला, तर आमचे कॉल रेकॉर्ड करून तपासणारं मशीन त्या कॉलला 'थंड' ठरवायचं. थंड कॉल साठले की बोर्डावर लाल दिवा, आणि लाल दिवा फार दिवस राहिला की खुर्ची दुसऱ्याला.

यावर तोड काढली मॅडमनीच. तेव्हा त्या मॅडम नव्हत्या, माझ्या पलीकडच्या खुर्चीवर बसायच्या आणि माझ्या डब्यातलं खायच्या. समोरच्याने फोन ठेवला तरी आपण बटण दाबेपर्यंत आपल्या बाजूचं रेकॉर्डिंग चालूच राहतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय! गिऱ्हाइकाशी सरळ माणसासारखं बोलायचं, त्याने फोन ठेवला की मेलेल्या लाइनीला 'ॲब्सोल्युटली' म्हणायचं आणि बटण दाबायचं. मशीन खूश, माणूसही शांत. हळूहळू सगळ्या खोलीने ही युक्ती उचलली. बाहेरचा कुणी आला असता तर त्याला वाटलं असतं ही वेड्यांची शाळा आहे. थोड्या थोड्या वेळाने कुठल्या तरी कोपऱ्यातून कुणी तरी एकटंच, कुणाशीही न बोलता, जोरात म्हणायचं, "ॲब्सोल्युटली!" कुणी जांभई देता देता म्हणायचं, कुणी नखं कुरतडता कुरतडता. आमच्यातल्या एकाला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण तो बंदच व्हायचा नाही. त्याने तर त्याला चाल लावली होती. आणि त्या महिन्यापासून सगळा बोर्ड हिरवागार. टायवाल्यांना मुख्य ऑफिसात शाबासकी मिळाली म्हणतात.

माझी जाऊ ही युक्ती माझ्याकडूनच शिकली.

तो दिवस अगदी साधा होता, दुपारची वेळ. जेवून आल्यावर डोळे जड झालेले. जावेला एका शिंपीकाकांचा फोन आला. ते शिवलेले कपडे पोचवायला एका इमारतीत गेले होते आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. दिवाही गेला होता. लिफ्टमधला फोन बंद, म्हणून त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून आमचा नंबर लावला होता. जावेने सगळं नीट सांगितलं, मी शेजारून ऐकत होते. "काका, घाबरू नका, हवा येत असते आत. मेकॅनिकला वेळ लागेल. तुम्ही खाली बसा, दाराला हात लावू नका, बरं का." काका म्हणाले, बरं. मग शांतता. जावेला वाटलं त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी ठेवला नव्हता. अंधारात दार दिसावं म्हणून त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला होता, फोन स्पीकरवर करून कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला होता आणि दाराशी जाऊन खटपट करत होते. तिथून त्यांनी विचारलं, "दाराला फट दिसतेय ताई, ढकलून बघू का?" ते लांबून, दाराकडे तोंड करून. तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं, मशीनचं समाधान करायचं म्हणून रोजच्यासारखं म्हणाली, "ॲब्सोल्युटली," आणि बटण दाबलं.

काकांनी दार ढकललं. ते अर्धं उघडलं. खालच्या मजल्याची फरशी पुरुषभर खाली होती. त्यांनी उडी मारली आणि पाय मोडला. शिंप्याचा पाय! ज्याचं मशीन पायावर चालतं त्याचा.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. आवाज मोठा करून ऐकलं की सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ढकलून बघू का? ॲब्सोल्युटली. बस. कंपनीला आयता बकरा मिळाला. आमच्या नियमांविरुद्ध जाऊन कर्मचाऱ्याने गिऱ्हाइकाला दार उघडायला सांगितलं, अपघाताची जबाबदारी तिची, तिला काढून टाकू आणि पोलिसांत तक्रारही देऊ. काकांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली आहे आणि टायवाले स्वतः चौकशीला येणार, असा निरोप आला.

घरी जावेने जेवण सोडलं. दीर म्हणाला, "साहेबांचे पाय धर, रडून दाखव, सुटशील." माझा नवरा म्हणाला, "काहीतरी मार्ग निघेल," म्हणजे त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. जाऊ भिंतीकडे तोंड करून बसून होती.  मला तिचा राग आला, माझा आला, त्या काकांचाही आला. मग मी म्हणाले, "अगं, निदान मला शिव्या तरी दे. युक्ती मीच शिकवली ना तुला."

"ताई, काकांना वाटत असेल मीच त्यांना ढकललं," ती म्हणाली. "मला नोकरीचं काही नाही वाटत. त्यांना मी आधी म्हटलं होतं दाराला हात लावू नका. तेवढं त्यांच्या लक्षात असेल का?"

"त्यांना भेटायला, फोन करायला बंदी आहे आपल्याला."

"माहितीये. मी रोज नंबर लावते आणि वाजायच्या आत कापते."

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "घरात एका चमच्यावरून माझ्याशी तासन्तास भांडता दोघी. तिथे गेल्यावर काय जीभ गहाण पडते? जा आणि भांडा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला हा एकमेव सल्ला मी मनापासून मानला.

चौकशीच्या दिवशी सकाळी मॅडमनी मला जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तू मध्ये पडू नकोस. ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार आहेत, फोन ठेवल्यानंतर तो शब्द म्हणता का? सगळे नाही म्हणणार आहेत. तूही नाही म्हण. तुझ्या जावेला मी दुसरीकडे कुठे तरी चिकटवून देईन."

"पोलिसांत तक्रार झाल्यावर कुठे चिकटवणार, मॅडम? भिंतीला?"

"युक्ती बाहेर आली तर सगळ्यांची खुर्ची जाईल. माझीही."

"तुमची जाईल याचंच दुखतंय ना?"

त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते आणि हे मला माहीत होतं. म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं. पण नाही म्हणायचं वचन काही दिलं नाही.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. मध्ये टेबल, टेबलावर स्पीकर आणि फोन, टेबलामागे टायवाले. आधी ते रेकॉर्डिंग पुन्हा सगळ्यांना ऐकवलं. जाऊ भिंतीशी उभी होती, तिला बसायलाही सांगितलं नव्हतं. मग एकेकाला प्रश्न. गिऱ्हाइकाने फोन ठेवल्यावर तुम्ही हा शब्द उच्चारता का? नाही साहेब. तुम्ही? नाही. तुम्ही? रेडिओकडे आले तेव्हा मला वाटलं हा तरी बोलेल, जन्मभर नको तिथे बोलला आहे. त्याने माझ्या जावेकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "नाही." आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं मेल्याने.

"तुम्ही?" टायवाल्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "म्हणते. रोज म्हणते, प्रत्येक फोननंतर म्हणते. हे सगळे म्हणतात. आत्ता जे नाही म्हणाले ते आज सकाळीही माझ्या कानाशी तोच शब्द म्हणालेत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही मशीनला फसवता," टायवाले शांतपणे म्हणाले.

"मशीनला फसवलं. माणसाला नाही फसवलं. माणसाला आम्ही खरं सांगायचो, वेळ लागेल, बसून राहा. तुमच्या शब्दाने माणसाचं समाधान होत नव्हतं, म्हणून तो आम्ही मशीनला घातला. तिने काकांना काय सांगितलं ते तुम्ही आत्ता ऐकवलंत ना? दाराला हात लावू नका. हे ती काकांशी बोलली. त्यानंतर जे बोलली ते तुमच्या बोर्डाशी बोलली."

"रेकॉर्डिंगमध्ये असा फरक ऐकू येत नाही."

"रेकॉर्डिंगला काय कळतंय? तुम्हाला कळायला हवा."

"आवाज कमी करा, बाई."

"आवाज कमीच आहे साहेब. हा माझा घरातला आवाज आहे, विचारा तिला."

जावेच्या चेहऱ्यावर एवढ्या भीतीतही काहीतरी हललं. टायवाल्यांनी टायवर हात फिरवला. मग त्यांनी आवाज अगदी मऊ केला, आणि मला त्या मऊपणाची जास्त चीड आली.

"तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "पण विचार करा. तुम्ही म्हणता तसं असेल, तर या खोलीतला प्रत्येकजण दोषी. सगळ्यांना घरी जावं लागेल. त्यापेक्षा एका व्यक्तीची वैयक्तिक चूक, एवढंच राहिलं तर बाकीच्यांचं भलं. मॅडमना आम्ही दुसऱ्या शाखेत हलवतोय. त्यांच्या जागी अनुभवी माणूस लागेल. तुम्ही आत्ताचं बोलणं मागे घेतलंत, तर तुमचं नाव मी पुढे करीन."

मॅडमनी मिटलेले डोळे उघडले. आपल्याला हलवतात हे त्यांना त्याच क्षणी कळत होतं.

मी खोटं सांगणार नाही. ती खुर्ची मला हवी होती. खिडकीजवळची, हातांची, फिरणारी. मुलाचे पुढचे खर्च डोळ्यांसमोर आले, नवऱ्याचा चेहरा आला. आणि जावेचं काय, तिच्याशी मी वर्षभर नीट बोलले नव्हते. एक क्षण, फार तर दोन. मग मला स्वतःचीच किळस आली.

"माझं नाव पुढे करू नका," मी म्हणाले. "माझं नाव तिच्या शेजारी लिहा. तिला काढायचं असेल तर मलाही काढा. पोलिसांत जायचं तर आपण तिघं जाऊ. मी जाईन, ती येईल आणि हा शब्द आम्हाला म्हणायला लावणारे तुम्ही पण या. तिकडे सांगू कुणी कुणाला काय म्हणायला लावलं ते."

"मीपण येते," मॅडम म्हणाल्या.  "ही युक्ती मी काढली होती. यांना मी शिकवली."

"मॅडम!" टायवाले ओरडले. पहिल्यांदा त्यांचा टाय वाकडा झाला.

आता मला वाटलं की जिंकले. मी अजून बोलणार होते, माझ्याकडे बोलायला खूप होतं, सासूबाईंच्या तालमीत तयार झालेली मी. पण तेवढ्यात जाऊ भिंतीपासून निघाली. कुणी बोलावलं नव्हतं. ती आली, टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि स्पीकरचं बटण दाबलं. नंबर तिला पाठ होता.

"काय करताय? गिऱ्हाइकाशी संपर्क करायला बंदी आहे!" टायवाल्यांनी हात पुढे केला. मी तो हात मनगटाशी धरला. जोरात नाही धरला, पण सोडलाही नाही. रिंग वाजली. पुन्हा वाजली.

"कोण?" पलीकडून काकांचा आवाज.

"काका, मी लिफ्टच्या कंपनीतून. त्या दिवशी फोनवर होते ती." जावेने फोन आणखी जवळ ओढला. "तुम्ही दार ढकलू का विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही फोन ठेवला. मी जे बोलले ते तुम्हाला नव्हतं. मी तुम्हाला 'ढकला' असं नाही म्हटलं, काका. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केलीत ती बरोबरच आहे, पण हे तुम्हाला माहीत असावं."

पलीकडे कुठे तरी भांडं पडल्याचा आवाज आला.

"तुमच्याविरुद्ध?" काका म्हणाले. "मी कशाला करू तुमच्याविरुद्ध तक्रार? तुम्ही बसा म्हणालात, मला धीर निघाला नाही. मी तक्रार केली ती लिफ्टची. ती लिफ्ट कधीपासून तशी अडकते. इमारतीतल्या लोकांनी किती वेळा कळवलं तुमच्या कंपनीला. कुणी फिरकलं नाही. आतला फोनही मेलेला. हे सगळं मी सांगितलं की तुमच्या त्या साहेबांना. टाय घालून आले होते इस्पितळात. मान डोलवत होते सारखी. ते म्हणाले, ॲब्सोल्युटली, सगळं लिहून घेतलंय."

 मी धरलेलं मनगट ओलं झालं होतं. टायवाले म्हणाले, "हे चौकशीच्या कक्षेत येत नाही," आणि त्यांच्या आवाजात जोर म्हणून उरला नव्हता. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. रेडिओने जागेवरून उठून दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

मी जावेकडे पाहिलं. मला वाटलं आता ही रडणार, माझ्या गळ्यात पडणार आणि मला उगीच तिची समजूत काढावी लागणार. ती रडली नाही. तिने टायवाल्यांच्या समोरची खुर्ची मागे ओढली आणि तिच्यावर बसली. त्यांच्यासमोरचा कागद उलटा केला, त्यांच्याच हाताजवळचं पेन उचललं.

"काका," ती म्हणाली, "तेव्हा काही लिहून घेतलेलं नाही. आता मी लिहून घेते. सावकाश सांगा, मला घाई नाही. पहिल्यांदा लिफ्ट कधी अडकली होती?"

काका सांगू लागले. टायवाले उठले, तशी ती कागदावरून मान वर न करता म्हणाली, "साहेब, तुम्ही बसा. याच्यावर सही तुमची लागणार आहे."